गादीच्या झिजेची जुनी कंबरदुखी: सुईचे आणि दुर्बिणीचे उपचार नीट कसे करून घ्यावेत

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘एल४-एल५ डिस्क डिजनरेशन’, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीची झीज, असं छापून आलं, की घरातल्या सगळ्यांच्या मनात दुखण्याचं कारण पक्कं होऊन बसतं. तसं ते नसतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या विशीला ३७ टक्के, पन्नाशीला ८० टक्के आणि ऐंशीला ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली होती. म्हणजे फोटोत झीज सापडणं सोपं आहे, पण तीच दुखतेय का हे ठरवणं अवघड. सुईचे उपचार फसतात तेव्हा अनेकदा हाताचं कसब कमी पडलेलं नसतं, दुखण्याचं मूळच चुकीचं धरलेलं असतं. या लेखात सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

सुईआधी थांबवणाऱ्या गोष्टी

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचाच्या जागेभोवती आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मणक्याची शस्त्रक्रिया होणारं हॉस्पिटल गाठा. नसांच्या पूर्ण जुडग्यावर दाब आल्याची ही लक्षणं आहेत आणि तिथे तासांना किंमत असते. पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, हेही लांबणीवर टाकू नका.

ताप, वजन उतरणं, रात्री घाम, झोपेतून उठवणारी वेदना किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल, तर आधी रक्ततपासण्या आणि एमआरआय. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. तो ओळखायचा राहिला आणि तिथेच स्टिरॉइडचं इंजेक्शन गेलं, तर आजार आणखी पसरायला वाट मिळते.

यातलं काही नसेल, तर निदान तीन महिने औषधं आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम झालेले असावेत. ‘व्यायाम करून पाहिला’ म्हणजे आठवड्यातून दोनदा शेकायला जाणं नव्हे. शेक आणि मशीनचा प्रवाह हा व्यायाम नाही.

दुखतंय नेमकं काय

कंबरेत पाच मणके, त्यांच्यामध्ये गाद्या आणि मागच्या बाजूला प्रत्येक जोडीला दोन छोटे सांधे असतात. या सांध्यांना फॅसेट म्हणतात. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. मणक्याच्या वरच्या-खालच्या पातळ पृष्ठभागातून, म्हणजे एंडप्लेटमधून पाझरून येईल तेवढ्यावर ती जगते. म्हणूनच झिजलेली गादी पूर्ववत होत नाही. गादीतलं पाणी कमी झालं की तिची उंची घटते, भार मागच्या फॅसेटवर सरकतो, एंडप्लेटला भेगा पडतात आणि नस बाहेर पडण्याची खिडकी अरुंद होते. झीज एकच, पण दुखणारी ठिकाणं अनेक असू शकतात. ती साधारण अशी ओळखतात:

- गादी किंवा एंडप्लेट: कंबरेच्या मधोमध, खोलवर दुखतं. बसल्यावर, पुढे वाकल्यावर, दुचाकीच्या धक्क्यांनी वाढतं. सकाळी चप्पल घालायला वाकणं नकोसं होतं.
- फॅसेट: मधल्या रेषेच्या बाजूला, एका किंवा दोन्हीकडे दुखतं. खूप वेळ उभं राहून किंवा मागे झुकून वाढतं. नितंब आणि मांडीपर्यंत कळ जाते, गुडघ्याखाली सहसा नाही.
- नस: कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो. गुडघ्याखाली पोटरी किंवा पावलापर्यंत करंट गेल्यासारखं होतं, मुंग्या येतात.
- कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) आणि कमरेचं हाड यांच्यामधला सांधा, एसआय जॉइंट: ‘कुठे दुखतं?’ विचारल्यावर माणूस एकाच बोटाने कंबरेखालच्या खळगीवर बोट ठेवतो. जिना चढताना आणि कुशीवर वळताना वाढतं.

या खुणा दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत. दोन ठिकाणं एकाच वेळी दुखत असणं तर नेहमीचंच.

रिपोर्टचा कागद पुरत नाही, एमआरआयची सीडी किंवा फिल्म सोबत न्या आणि डॉक्टरांना एंडप्लेटबद्दल थेट विचारा: मॉडिक बदल आहेत का, असतील तर टाइप १ की २? टाइप १ म्हणजे मणक्याच्या हाडात सूज. एमआरआयच्या टी१ चित्रात तो भाग काळा आणि टी२ मध्ये पांढरा दिसतो. टाइप २ मध्ये तिथे चरबी भरलेली असते आणि टी१ मध्येही तो भाग पांढरा दिसतो. अनेक रिपोर्टांत याचा उल्लेखच नसतो आणि पुढची एक महत्त्वाची उपचारपद्धत पूर्ण याच्यावर अवलंबून आहे.

उभं राहून, पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले साधे एक्स-रेही हवेत. एमआरआय झोपून काढतात, त्यामुळे मणका पुढेमागे सरकत असेल तर तो कधीकधी तिथे दिसतच नाही. एक्स-रेचा आणखी एक उपयोग आहे. काही लोकांचा शेवटचा मणका त्रिकास्थीला जोडलेला असतो किंवा कंबरेत सहावा मणका असतो. अशा वेळी मोजणीत गफलत होते, रिपोर्टमधला ‘एल५’ आणि टेबलावर मोजलेला ‘एल५’ वेगळे निघतात आणि सुई एक मजला वर किंवा खाली जाते. तुमच्या रिपोर्टवर ‘ट्रान्झिशनल व्हर्टिब्रा’ किंवा ‘सॅक्रलायझेशन’ हे शब्द असतील, तर ते स्वतःहून दाखवा.

फॅसेटसाठी: चाचणीचं इंजेक्शन आणि मग आरएफ

प्रत्येक फॅसेट सांध्याला दोन बारीक नसा संवेदना पुरवतात. त्यांना मेडियल ब्रँच म्हणतात. एल४-एल५ सांध्याच्या नसा एल३ आणि एल४ वरून येतात. एल५-एस१ (एस१ म्हणजे त्रिकास्थीचा सगळ्यात वरचा भाग) साठी एल४ ची मेडियल ब्रँच आणि एल५ ची मागची शाखा. शेवटचे दोन सांधे दोन्ही बाजूंनी करायचे तर एकूण सहा नसा होतात. कोटेशनवर किती नसा लिहिल्या आहेत ते याच हिशेबाने तपासता येतं.

आधी चाचणी: या नसा तात्पुरत्या बधिर करून दुखणं थांबतं का ते पाहायचं, थांबलं तरच पुढे त्या तापवून जाळायच्या, तेच आरएफ. सी-आर्म एक्स-रेखाली प्रत्येक नसेजवळ अर्धा मिली किंवा त्याहून कमी भुलीचं औषध सोडतात. त्यापेक्षा जास्त सोडलं तर ते शेजारच्या स्नायूंत आणि नसांकडे पसरतं आणि उत्तर गढूळ होतं. ही चाचणी उपयोगी ठरावी म्हणून तुम्ही करायच्या गोष्टी:

१. त्या दिवशी सकाळी वेदनाशामक गोळी घेऊ नका. टेबलावर जाताना वेदना दहापैकी निदान चार-पाच असावी. दुखतच नसेल तर कमी काय होणार? अशा दिवशी चाचणी पुढे ढकला.

२. गुंगीचं इंजेक्शन नको म्हणून सांगा. गुंगीनेही वेदना कमी वाटते आणि खोटा होकार मिळतो.

३. चाचणीनंतर आडवं पडून राहू नका. ज्या हालचालीने दुखतं तीच करा. उभं राहा, मागे झुका, जिना चढा, ओट्याशी काम करा.

४. सहा ते आठ तास दर अर्ध्या तासाने वेदनेचा आकडा कागदावर लिहा. लिग्नोकेनचा परिणाम एक-दोन तास आणि बुपिव्हाकेनचा त्याहून बराच जास्त टिकतो. आराम औषधाच्या वेळेशी जुळायला हवा.

८० टक्के किंवा अधिक आराम मिळाला तर होकार ठोस मानावा. अनेक ठिकाणी ५० टक्केही चालवून घेतात. चाचणी वेगळ्या दिवशी दुसऱ्यांदा करणं खर्चिक आहे, तरी आमचा कल तिकडेच आहे. एकाच चाचणीवर विसंबलं तर फसवे होकार बरेच निघतात आणि त्या रुग्णांना पुढच्या आरएफचा उपयोग होत नाही.

आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन, करताना पोटावर झोपवतात, कातडी बधिर करतात आणि १० मिमी उघड्या टोकाची १८ किंवा २० गेजची सुई नसेजवळ नेतात. मग दोन तपासण्या होतात. ५० हर्ट्झच्या प्रवाहाने नेहमीच्या जागी हुळहुळ जाणवते. २ हर्ट्झला पाठीचा स्नायू फडफडला तरी चालतो, पाय हलता कामा नये. पाय हलला किंवा पायात कळ गेली तर लगेच बोला, सुई मुख्य नसेच्या जवळ आहे. यासाठीच पूर्ण भूल देत नाहीत. सगळं जुळल्यावर साधारण ८० अंश सेल्सियसवर ६० ते ९० सेकंद नस तापवतात.

यात चुकतं कुठे? उष्णता सुईच्या अंगाभोवती पसरते, टोकाच्या पुढे फारशी जात नाही. म्हणून सुई नसेला समांतर झोपवावी लागते. ती सरळ उभी खुपसली तर नसेचा अगदी छोटा तुकडा तापतो किंवा नस सुटूनच जाते. चाचणी छान आणि आरएफ निकामी, असं झालं तर सुईचे एक्स-रे दाखवायला सांगा. ते जतन केलेले असायला हवेत. दुसरी चूक कागदावर पकडता येते. ‘पल्स्ड आरएफ’ हा वेगळा प्रकार आहे. त्यात तापमान ४२ अंशांपुढे जात नाही आणि नस जळत नाही. फॅसेटसाठी त्याचा परिणाम कमी असतो. कोटेशनवर नुसतं ‘आरएफ’ असेल तर कोणतं ते लिहून घ्या.

पहिले दोन-तीन आठवडे पाठीत ठणका किंवा भाजल्यासारखी जळजळ राहू शकते आणि आराम त्यानंतर कळतो. साधला तर तो सहा महिने ते वर्षभर टिकतो. मग नस पुन्हा वाढते. दुखणं तसंच परतलं तर आरएफ पुन्हा करता येतं.

आता मतभेदांबद्दल. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत, चाचणीला होकार मिळालेल्या आणि इतर उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांसाठी आरएफचा विचार करायला सांगितलं आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचण्यांत मात्र व्यायामाला आरएफची जोड देऊन लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नाही. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०२५ साली आलेल्या शिफारशींनी तर जुन्या पाठदुखीसाठी आरएफ, एपिड्युरल (नसेभोवती सोडायचं स्टिरॉइड) आणि सांध्यातली इंजेक्शनं सरसकट नको म्हटलं. नेदरलँड्सच्या अभ्यासात एकाच चाचणीवर आणि ५० टक्के आरामावर रुग्ण निवडले होते, म्हणून कडक निवडीचा आग्रह आम्ही धरतो. पण ज्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत चाचणीविना आरएफचं पॅकेज पुढे येतं, तिथे या शिफारशी शब्दशः लागू आहेत असं समजा.

एंडप्लेटसाठी: बेसिव्हर्टिब्रल नसेचं ॲब्लेशन

गादीच्या झिजेच्या मूळ दुखण्याला सगळ्यात थेट भिडणारा उपचार हाच. मणक्याच्या हाडाच्या आत मागून एक नस शिरते आणि तिच्या फांद्या एंडप्लेटपर्यंत जातात. खराब एंडप्लेटची वेदना याच नसेवरून वर जाते. अमेरिकेत या उपकरणाला २०१६ साली मंजुरी मिळाली.

रुग्णाची निवड काटेकोर आहे: सहा महिन्यांपेक्षा जुनं दुखणं, इतर उपचार करून झालेले, कंबरेच्या मधोमध वेदना आणि एल३ ते एस१ मध्ये मॉडिक टाइप १ किंवा २. मॉडिक बदल नसतील तर हा उपचार नाही. पाय जास्त दुखत असेल, मणका सरकत असेल किंवा हाडं फार ठिसूळ असतील तरीही नाही.

पूर्ण भूल किंवा गाढ गुंगी देऊन, मणक्याच्या मागच्या खांबातून, म्हणजे पेडिकलमधून, हाडात नळी नेतात आणि नस फाटे फुटण्याआधी जिथे असते तिथे ८५ अंशांवर १५ मिनिटं तापवतात. गादीच्या दोन्ही बाजूंचे मणके करावे लागतात. एल४-एल५ ला बदल असतील तर एल४ही आणि एल५ही. नळी त्या जागेच्या पुढे गेली की नस सुटते, कारण तिथे तिच्या फांद्या विखुरतात. हाडाच्या आतली ही नस फॅसेटच्या नसेसारखी परत वाढताना दिसत नाही, त्यामुळे आराम काही वर्षं टिकल्याचे अहवाल आहेत. उपकरण महाग आहे आणि मोजक्या ठिकाणीच वापरतात. ‘हेच करतो’ म्हणून साधं आरएफ गळ्यात मारलं जात नाही ना, हे पाहायचं तर १५ मिनिटं आणि हाडातली नळी या दोन खुणा विचारा.

एपिड्युरल: पायाच्या दुखण्यासाठी

नस सुजली असेल आणि पायात कळ जात असेल, तर नसेभोवती स्टिरॉइड सोडल्याने काही आठवडे ते तीन महिने सुटका मिळू शकते. नुसत्या कंबरदुखीसाठी त्याचा उपयोग नाही आणि ‘नाइस’नेही कंबरदुखीसाठी इंजेक्शनं देऊ नयेत असंच म्हटलं आहे. तरी आपल्याकडे सर्वांत जास्त दिलं जाणारं इंजेक्शन हेच असावं, असं वाटण्याइतकं ते सर्रास चालतं.

नसेच्या खिडकीतून देताना सी-आर्म आणि आधी सोडलेला रंग, म्हणजे कॉन्ट्रास्ट, या दोन गोष्टींवर तडजोड नको. रंग रक्तवाहिनीत गेला तर चालू एक्स-रेवर तो वाहून जाताना दिसतो आणि औषध थांबवता येतं. कणदार स्टिरॉइड रोहिणीत शिरलं तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडू शकतात. असं क्वचित घडतं, पण अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये गंभीर इशारा दिला तो अशाच घटनांमुळे. ट्रायॲम्सिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन कणदार आहेत, डेक्सामेथासोन नाही. कोणतं वापरणार ते विचारा.

‘तीन इंजेक्शनांचा कोर्स’ आधीच ठरवून घेऊ नका. पहिल्याने काही आठवड्यांत फरक पडला आणि दुखणं परतलं तरच दुसऱ्याचा विचार. पहिल्याने काहीच झालं नाही तर तेच परत देण्यात अर्थ नाही.

गादीच्या आतली इंजेक्शनं

गादीत सुई घालणं हा किरकोळ प्रकार नाही. रक्तपुरवठा नसल्याने तिथे जंतू शिरले तर ना पांढऱ्या पेशी पुरेशा पोचतात, ना प्रतिजैविक. शिवाय गादीत रंग सोडून केलेल्या तपासणीनंतर, म्हणजे डिस्कोग्राफीनंतर, दहा वर्षांत त्या गाद्या न टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजल्याचं २००९ च्या अभ्यासात दिसलं.

ओझोन, म्हणजे गादी आकसावी म्हणून तिच्यात सोडायचा वायू, आपल्याकडे बराच चालतो. फुगलेली, न फुटलेली गादी आणि पायात कळ, एवढ्यापुरतीच त्याची बाजू थोडी भक्कम आहे. सपाट झालेल्या, काळ्या गादीत आकुंचन पावायला फारसं काही उरलेलं नसतं. पीआरपीचे, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनाचे, पुरावे अपुरे आहेत. स्टेम सेलबद्दल आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांची भूमिका स्पष्ट आहे: अशा आजारांसाठी तो नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीतच द्यावा आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. ‘गादी नवी होईल’ म्हणून लाखांची पावती फाडणाऱ्याकडून उठून या.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया

सात-आठ मिमीच्या नळीतून दुर्बिणीने गादीचा सरकलेला तुकडा काढतात. गुंगी आणि जागेवरची भूल पुरते, बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. एल४-एल५ ला बाजूने, खिडकीतून जाता येतं. एल५-एस१ ला कमरेचं हाड आड येतं, म्हणून बरेच सर्जन मागून जातात. ही पायाच्या दुखण्याची शस्त्रक्रिया आहे. नसेवरचा दाब जातो, झीज तिथेच राहते. ‘कंबर दुखते, गादी काळी आहे, दुर्बिणीने काढू’ हा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या. उरलेल्या गादीतून तुकडा पुन्हा बाहेर येण्याची शक्यताही विचारून ठेवा.

तयारी आणि नंतरचे दिवस

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विषय सर्वांत नाजूक. एपिड्युरल आणि त्यापुढच्या उपचारांसाठी साधारणपणे क्लोपिडोग्रेल सात दिवस, वॉर्फरिन पाच दिवस (आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून), अपिक्सॅबान आणि रिव्हारोक्साबान तीन दिवस आधी थांबवतात. फॅसेटच्या चाचणीसाठी अनेकदा थांबवावी लागतच नाहीत. हे आकडे डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहेत, स्वतः गोळी बंद करण्यासाठी नाहीत. हृदयात नवी स्टेंट असताना गोळी तोडली तर हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, कंबरेचा उपचार मात्र लांबणीवर टाकता येतो. हृदयरोगतज्ज्ञांचं लेखी पत्र घ्या.

मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, आधी ताळ्यावर आणा. स्टिरॉइडनंतर काही दिवस साखर चढते, तेव्हा घरच्या ग्लुकोमीटरवर दिवसातून दोन-तीनदा मोजा आणि इन्सुलिनचं प्रमाण आधीच विचारून ठेवा. पाठीवर फोड, लघवीत जंतुसंसर्ग किंवा ताप असेल तर तारीख बदला. पेसमेकर असेल तर आरएफच्या आधी सांगा. गर्भाची शक्यता असेल तर एक्स-रेखालचं काहीच नको.

उपचारानंतर काही तास पाय जड किंवा बधिर राहू शकतात. सोबत कोणीतरी हवं, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, भारतीय पद्धतीच्या शौचालयात आधाराशिवाय बसायचं नाही. बाहेरगावाहून आला असाल तर त्याच रात्री एसटीच्या मागच्या सीटवर बसून परतू नका. भुलीचा परिणाम उतरल्यावर टोचलेल्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, अंघोळ दुसऱ्या दिवशी.

लगेच फोन करायचा तो या गोष्टींसाठी: ताप, वाढत जाणारा बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवीची अडचण, आणि उठून बसलं की फुटणारं व आडवं झालं की शमणारं डोकं, कारण मज्जारज्जूभोवतीचं आवरण टोचलं गेल्याची ती खूण आहे. गादीत इंजेक्शन झालं असेल तर पुढचे चार आठवडे लक्ष ठेवा. आधीपेक्षा तीव्र, कूस बदलू न देणारी कंबरदुखी सुरू झाली तर ताप नसला तरी सीआरपी, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि एमआरआय लागतो. गादीतला जंतुसंसर्ग असाच गुपचूप येतो.

आराम पडलेले महिने व्यायामासाठी मिळालेले असतात. दोन-तीन दिवसांनी दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा सपाट रस्त्यावर चालणं सुरू करा. ठणका ओसरला की पाठ न वाकवता करायचे तीन व्यायाम घ्या: डोकं-खांदे किंचित उचलणं, कुशीवरचा प्लँक आणि हात-गुडघ्यांवर राहून एका बाजूचा हात व विरुद्ध बाजूचा पाय लांबवणं. प्रत्येक स्थिती आठ ते दहा सेकंद, आधी सहा वेळा, मग चार, मग दोन. सकाळी उठल्याउठल्या करू नका. रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि पहिल्या तासात वाकण्याचा ताण तिच्यावर जास्त येतो. पाण्याचा हंडा, गॅसची टाकी काही आठवडे दुसऱ्याकडे. बिडी-सिगारेट सोडा, गादीला पोचणारं जे थोडं पोषण असतं तेही धुरामुळे घटतं.

विम्याचं काम आधीच मार्गी लावा. यातले बरेच उपचार डेकेअरमध्ये मोडतात, तरी टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, उपचाराचं पूर्ण नाव आणि पातळ्या लिहून मंजुरी मागा. नुसतं ‘मणक्याचं इंजेक्शन’ लिहिलेलं असलं की दावा अडकतो. बिलात आरएफची सुई, सी-आर्म आणि थिएटरचा खर्च वेगवेगळा दाखवायला सांगा आणि सुई नवी, सीलबंद उघडली का तेही पाहा. डिस्चार्ज कागदावर कोणत्या नसा, किती तापमान, किती वेळ आणि कोणतं औषध किती दिलं ते असायला हवं. वर्षभराने दुखणं परतलं आणि डॉक्टर बदललेले असले, तर पुढचा निर्णय त्या चार ओळींवरच होतो.